आईचं लुगडं, लेकीची वाकळ: या आठवड्याचं शिवणकाम

कृष्णाकाठची | रविवार, रात्री १०.४०

लेकीला नागपुरात प्रवेश मिळाला. पुढच्या मंगळवारी निघायचं आहे. हॉस्टेलवर तीन बाय सहाची कॉट आणि पातळ गादी आहे, आणि नागपूरचा हिवाळा आमच्या सांगलीसारखा नसतो. तिला वाकळ शिवून द्यायची आहे. हाताशी दिवस आठ. (आमच्या घरी गोधडीला वाकळच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरते.)

वरची बाजू ठिगळांची करणार आहे. सहा इंची चौकोन, आडवे आठ, उभे तेरा, म्हणजे एकशे चार. कापड घरातलंच आहे: लेकीचे लहानपणचे फ्रॉक, ह्यांचे कॉलर विरलेले सुती शर्ट, सासूबाईंची दोन पातळं, स्वयंपाकघराचा जुना पडदा. एवढं सगळं ठरलंय.

अडलंय ते आतल्या कापडाशी. माझ्या आईचं एक नऊवारी लुगडं आहे माझ्याकडे. हिरवं सुती, लाल काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आई जाऊन दीड वर्ष झालं. २०१९च्या ऑगस्टातल्या महापुरात कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आईच्या घरात पलंगावर ठेवलेल्या ट्रंकेपर्यंत पाणी चढलं होतं. तळाशी होतं ते हेच लुगडं. आईने ते सात-आठ वेळा धुतलं, पण घडीच्या प्रत्येक मोडीवर गाळाची तपकिरी रेघ राहिलीच. आता लुगडं उघडलं की हात-हात अंतरावर त्या रेघा दिसतात.

वाकळीत घालायचं तर तुकडे करावे लागणार. दुपारपासून दोनदा कात्री उचलली आणि दोनदा खाली ठेवली. तुम्ही काय केलं असतं?

पेठेतली | रविवार, रात्री ११.०५

मी नसतं कापलं. माझ्या आजीचं एक पातळ मी वीस वर्षं तसंच ठेवलंय. दर दिवाळीला उन्हात घालते.

वऱ्हाडी टाका | रविवार, रात्री ११.२०

माझं मत उलटं आहे ताई. कपाटात ठेवलेलं सुती कापड घडीवरच विरतं. माझ्या मावशीने असंच एक लुगडं जपून ठेवलं होतं. दहा वर्षांनी उघडलं तर प्रत्येक मोडीवर फाटलेलं. ते बघून मावशी जेवली नव्हती. तुमच्या लेकीच्या अंगावर ते आणखी पंधरा वर्षं राहील.

नागपूरच्या थंडीबद्दल बरोबर बोललात. डिसेंबर-जानेवारीत नुसत्या चादरीवर भागत नाही.

आजोळ | सोमवार, सकाळी ६.१५

बाळा, कापायचंच कशाला? नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घाल, एकीवर एक, नागमोडी. एकेक घडी पावणेसात फुटांची होते आणि लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, चार फुटांच्या आसपास असतोच. चार पदरांची वाकळ आपोआप तयार. आमच्या माण तालुक्यात सगळ्या बायका अशाच शिवायच्या. कात्री घरात एकच असायची, तीही सुपारीच्या अडकित्त्यासारखी जपून वापरलेली. तुझी ठिगळं वरून घाल. खालची घडी हीच वाकळीची खालची बाजू.

विरलेला भाग कुठे आहे ते आधी उजेडात धरून बघ. लुगडं बसण्याच्या जागी आणि काष्ट्याला विरतं. तो भाग मधल्या दोन घड्यांत जाईल असं बघ.

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी ७.०२

आजी, तुमचं वाचलं आणि लगेच मापायला बसले. लांबी ३२२ इंच. सत्तावीस फुटांना दोन इंच कमी, धुण्यात आटलं असणार. पन्हा बरोबर ४८. चार घड्या साडेऐंशी इंचांच्या. माझे आठ चौकोन आडवे म्हणजे ४८ इंच, तेरा उभे म्हणजे ७८, वर आणि खाली सव्वा-सव्वा इंचाची पट्टी लावली की तंतोतंत बसतं!

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तुला काय वाटलं, नऊवार उगाच असतं?" काल दिवसभर त्या बघत होत्या मी कात्री उचलून ठेवताना, एक शब्द बोलल्या नाहीत.

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९.३०

आज श्रावणी सोमवार, अर्ध्या दिवसाचा उपास. उद्या नागपंचमी, म्हणजे घरात कात्री-विळी बंद. म्हणून चौकोन आजच कापून संपवायचे होते. संध्याकाळी सातला शेवटचा कापला.

नवीन शिवणाऱ्यांसाठी थोडं लिहिते. चौकोन सहा इंचांचा हवा तर कापायचा साडेसहाचा, चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारी जादा कड) ठेवून. ही माया सगळीकडे सारखी राहिली नाही तर आठ चौकोनांच्या ओळीत अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडतो आणि तेराव्या ओळीपर्यंत वाकळ तिरकी होते. मी जाड पुठ्ठ्याचा साचा केलाय. दर पंचवीस चौकोनांनंतर साचा बदलते, कारण खडूने आखताना पुठ्ठ्याच्या कडा झिजतात आणि चौकोन नकळत लहान होत जातो. धागा उभा-आडवा बघून कापा. उरेब, म्हणजे तिरका कापलेला चौकोन मशीनखाली ताणला जातो.

लाल पडद्याचा रंग जातोय. पांढरा रुमाल ओला करून घासला तर रुमाल गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात भिजत घालू का?

उरेब | सोमवार, रात्री ९.५०

मिठाने सुटणारा रंग थांबत नाही. माझा अनुभव आहे, आणि तो एका पांढऱ्या दुपट्यावर आलाय. गार पाण्यात रोज धुवा. तीन धुण्यांनंतरही रुमाल रंगला तर ते कापड वगळा. एकशे चारातल्या सहा चौकोनांसाठी बाकीची अठ्ठ्याण्णव धोक्यात घालू नका.

आणखी एक. शाळेचा गणवेश घालताय का? घालत असाल तर आधी बोलू.

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १०.००

पडदा वगळला. त्याजागी ह्यांचा निळ्या रेघांचा शर्ट घेते.

गणवेशाचं कसं ओळखलंत? लेकीचा तोच एक हट्ट आहे, की गणवेशाचा निळा स्कर्ट वाकळीत हवाच.

उरेब | सोमवार, रात्री १०.१५

सगळ्या मुलींचा तोच हट्ट असतो. पण गणवेश टेरिकॉटचा. सुती कापड धुण्यात थोडं आटतं, टेरिकॉट आटत नाही, मग जोडाला चुण्या पडतात. शिवाय सुतीवरची गरम इस्त्री त्यावर चालत नाही. ओळींमध्ये जोडू नका. वेगळी काही जागा शोधा.

कृष्णाकाठची | मंगळवार, दुपारी ४.१०

आज नागपंचमी. चिरणं, कापणं, टोचणं, तवा सगळं बंद. सकाळी पाटावर नाग काढून पूजा केली, लाह्या-दूध ठेवलं, जेवायला पुरणाची दिंडं आणि वर साजूक तूप. धाकट्याने सात खाल्ली.

सुई धरायची नाही, पण मांडायला हरकत नाही. दुपारी पुढच्या खोलीत फरशीवर एकशे चार चौकोन मांडले. अंधारे रंग एका बाजूला साचू नयेत म्हणून लेक माळ्याच्या शिडीवर उभी राहून सांगत होती, "आई, तो तपकिरी तिकडे, दोन निळे लांब लांब." वरून बघितलं की डोळ्याला लगेच कळतं. शेवटी मोबाइलवर फोटो काढला आणि ओळीओळीने चौकोन उचलून सुतळीत बांधले. प्रत्येक गठ्ठ्याला कागदाचा नंबर.

एक गोष्ट लिहायचीच आहे. सासूबाईंना आता डाव्या डोळ्याने काही दिसत नाही, उजव्याने अंधुक. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी एकेक चौकोन त्यांच्या हातात देत गेले, आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून त्या सांगत होत्या: "हे माझं जांभळं पातळ. हा ह्याचा शर्ट, कॉलेजातला. हा फ्रॉक पहिल्या वाढदिवसाचा, याला आत अस्तर होतं." त्या फ्रॉकवर थांबल्या, परत चोळला, आणि म्हणाल्या, "ह्याला खिशाजवळ उसवलेलं होतं, मी शिवलेलं." उलटा करून बघितला. खरंच, बोटभर जागेत हाताचा टाका होता. मला तो आजवर दिसला नव्हता, आणि कालच मी साच्यासाठी त्याच्या शेजारून कात्री फिरवली होती. अर्ध्या इंचाने वाचला.

पेठेतली | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

हे वाचून मी उठले आणि आजीचं पातळ बाहेर काढलं. तुमच्या धाग्यावर पहिलं उत्तर माझंच होतं, "नसतं कापलं" म्हणून. आता मीही चार घड्यांचं मोजतेय.

तुमच्या वाकळीसारखा पुण्यातही एक शब्द जुना आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे. देवळाजवळ पूर्वी पासोड्यांचा बाजार भरायचा, म्हणून देवाला ते नाव. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड. रोज तिथून जाते, पण आज पहिल्यांदा वाटलं की किती बायकांनी तिथून ऊब विकत नेली असेल.

वऱ्हाडी टाका | मंगळवार, रात्री ८.००

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी १.४५

मशीन अडलं आहे. पायमशीन सासूबाईंचं, काळं, लाकडी टेबलाचं. पॅडल मारते तर चाक फिरतं, पण कापड जाड आलं की पट्टा घसरतो. आणि टीप वरून छान, खालून दोऱ्याचा नुसता गुंता. बॉबिन चार वेळा भरलं. पाच ओळी झाल्यात, आठ राहिल्यात. कुणी आहे का?

पायमशीन | बुधवार, दुपारी २.२०

आहे. तीस वर्षं मशीन दुरुस्तीच केली.

पट्टा: चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि लांबतं. सांध्याची तार पकडीने काढा, पट्टा अर्धा इंच कापा, दाभणाने नवं भोक पाडा, तार परत अडकवून दाबा. एकदम एक इंच कापू नका, फार ताठ झाला की पॅडल जड होतं आणि गुडघे दुखतात.

गुंता: खाली गुंता दिसला की सगळे बॉबिनच्या मागे लागतात. खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा सैल. दाबपट्टी वर करा, वरचा दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून परत ओवा, ताणाच्या दोन चकत्यांमध्ये तो नीट बसलाय का बघा. मग सुईखालची पत्री उघडून दात्यांमधला कापूस दाताच्या जुन्या ब्रशने काढा. जुन्या कापडाचं तूस फार पडतं. तेलाचे दोन-दोन थेंब, मग चिंधीवर हातभर टीप मारून तेल उतरवा. त्याशिवाय वाकळीला हात लावू नका.

सुई किती दिवसांची आहे?

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी २.३०

दिवाळीत बदलली होती.

पायमशीन | बुधवार, दुपारी २.३२

आत्ता बदला. सोळा नंबर. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला.

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री १०.५०

दादा, तेरावी ओळ झाली. दात्यांखालून निघालेला कापूस मुठीएवढा होता, दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला. त्यात लाल, पिवळे, हिरवे थर. लेकीने तो काडेपेटीत ठेवलाय, ती म्हणते यात आपल्या घरातले सगळे कपडे आहेत.

कृष्णाकाठची | गुरुवार, रात्री ९.००

आज शिवण नाही. लेकीचे दाखले, झेरॉक्स, बँक. पाऊस जोरात आहे, पण आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी इशारा पातळीच्या बरंच खाली आहे. २०१९पासून ऑगस्ट आला की ह्या घरात सगळेजण सकाळी उठून आधी ते बघतात.

बेळगावकरीण | गुरुवार, रात्री ९.४०

ताई, गणवेशाची जागा सुचवू का? उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाज आहे, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्या बायका कवंदी शिवतात, जुन्या कपड्यांचीच. कडेपासून सुरुवात करून गोल फिरत फिरत मध्यावर येतात. आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले कापडाचे तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

गणवेशाचे चार तुकडे घेऊन कोपऱ्यांवर फुलं लावा. जोडात जायला नको, वरून टाकायचं, आटण्याचा प्रश्नच नाही.

उरेब | गुरुवार, रात्री ९.५५

अगदी हेच. इस्त्री मात्र फुलं लावायच्या आधी करून घ्या.

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री ११.३०

आज जिवतीची पूजा. मुलांना ओवाळलं. नंतर पुढच्या खोलीतलं सामान हलवून फरशी पुसली, लुगडं पसरून चार घड्या घातल्या, वर ठिगळांची बाजू, चार कोपऱ्यांवर वजन: पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि तांदळाचा डबा. मधून कडेकडे हात फिरवत सळ काढले. टाचण्या लावल्या आणि कच्चे टाके घातले, वीतभर अंतराचे.

टाचण्या मी मोजून घेते. चाळीस घेतल्या होत्या. काढताना एकोणचाळीस.

तीनदा मोजल्या. फरशी झाडली, सतरंजी झटकली. लेक या वाकळीवर झोपणार आहे. आता झोप येणं शक्य नाही.

आजोळ | शुक्रवार, रात्री ११.४५

लोहचुंबक आहे का घरात? फ्रीजवरचा पण चालेल. दोन्ही बाजूंनी वीत-वीत सरकव. घाई करू नकोस. मग तळहात सपाट ठेवून हलका दाब देत जा.

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री १२.४०

मिळाली. लुगड्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीच्या मध्ये, काठात आडवी शिरली होती. चुंबक वरून सरकवताना तिथे किंचित अडखळला. धाकटा जागा राहून बॅटरी धरून होता. तिथले कच्चे टाके उसवले, टाचणी काढली, परत घातले. चाळीस.

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ९.१५

आज धावदोरा (सगळे पदर धरणारा साधा सरळ टाका) सुरू झाला. सकाळी शेजारच्या दोघी आल्या, जेवणानंतर आणखी एक. चौघी चार बाजूंना, पाय लांब करून. सुती जाड दोरा, लांब सुई, बोटाला अंगुस्तान. कडेपासून आत, तीन-तीन बोटांचं अंतर सोडत. जोडावर टाका घेत नाही, तिथे मायेमुळे कापडाचे दोन पदर जास्त असतात आणि सुई वाकते. जोडापासून जरा आत घेतलं की सरळ जाते.

सासूबाईंना सुई ओवता येत नाही, म्हणून मी सकाळीच वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. त्या डाव्या हाताचं बोट वाकळीखाली ठेवतात, सुईचं टोक बोटाला लागलं की वर वळवतात. त्यांची ओळ आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ आहे. संध्याकाळपर्यंत आठातल्या पाच फेऱ्या झाल्या.

एक प्रश्न राहिला होता, तो दुपारी सुटला. लुगडं पसरताना मी घड्या अशा घातल्या होत्या की गाळाच्या रेघा जास्तीत जास्त आत जातील. पण घडीचं गणित जुळेना. काष्ट्याचा विरलेला भाग आत घ्यायचा तर पदराकडचा भाग खाली येतो, आणि त्याच्यावर तीन रेघा ठळक आहेत. विरलेलं आत हवंच, म्हणून रेघा बाहेर राहिल्या. मनात होतं की तिथे एखादी हिरवी पट्टी शिवून टाकू. लेकीला सांगितलं तेव्हा ती वाकळीची कड उलटून बघत होती. म्हणाली, "पट्टी नको. आज्जीने हे आठ वेळा धुतलं होतं ना, मग मला दिसू दे." शेजारच्या काकूंच्या घरातही तेव्हा पाणी होतं. त्यांनी सुई खाली ठेवून त्या रेघांवरून हात फिरवला.

वऱ्हाडी टाका | शनिवार, रात्री ९.४०

पट्टी नका लावू.

पायमशीन | शनिवार, रात्री १०.०५

तीन रेघा खालून दिसतात, तिथे टाके जरा जवळ घ्या. घडीच्या मोडीवर कापड आधी फाटतं, डाग असो वा नसो. जवळच्या टाक्यांनी ते धरलं जाईल.

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ८.२०

शेवटच्या तीन फेऱ्या दुपारी झाल्या. दादांनी सांगितलं तसं रेघांवर बोटभर अंतराने टाके घेतले आहेत, हिरव्या दोऱ्याने. कडेला गोट लावला, लाल शर्टाच्या उरेब पट्टीचा. कच्चे टाके काढले. चार कोपऱ्यांना गणवेशाची निळी फुलं. तीन मी लावली, चौथं लेकीने, आयुष्यातलं पहिलं. टाके लांब-आखूड आहेत, मी उसवले नाहीत.

वजन सव्वा किलो. घडी घालून सॅकमध्ये तळाशी बसते. उद्या ऊन पडलं तर दोन तास गच्चीवर टाकायची आहे, नाही पडलं तर पंख्याखाली.

पेठेतली, तुमच्या पातळाचं माप किती निघालं?

पेठेतली | रविवार, रात्री ८.४५

३१८ इंच. पन्हा ४६. उद्या तुळशीबागेत जाऊन दोरा आणते. आजी, तुम्ही आहात ना इथे?

आजोळ | रविवार, रात्री ८.५०

आहे ना. उजेडात धरून बघितलंस का आधी?